एक गोळी आणि थोडं मार्जिन

९ जानेवारी

ठमे,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे नीट पाहून घे. लेकीचं लग्न ठरल्याच्या जेवणात तू चारचौघांत जे बोललीस, त्यानंतर 'प्रिय' लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. तरी लिहिते आहे, कारण फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन लेकीच्या हातात देऊन निघून जातेस. पत्र टाकून उठलीस तरी ते तिथेच पडून राहतं, आणि तुला पडलेल्या वस्तू बघवत नाहीत हे मला माहीत आहे.

कामाचं बोलते. तुझ्या लेकीने लग्नाच्या पोशाखाचं कापड माझ्या दुकानात पाठवून दिलं आहे. सोबत चिठ्ठी : 'मावशी, शिवशील तर तूच, नाहीतर मी घरातल्या कपड्यांत उभी राहीन.' तुला न विचारता पाठवलंय हे उघड आहे, कारण तू तर तिला तयार कपड्यांच्या दुकानात नेणार होतीस म्हणे. कापड सुरेख आहे. मोतिया रंग, आणि इतकं मऊ की हातातून निसटतं. पण मला हे काम जमेलसं वाटत नाही. एक तर माझ्याकडे कामं फार साठली आहेत. दुसरं, समोरच्यांनी घरावर मजला चढवल्यापासून दुकानात उजेड येत नाही. तिसरंही एक कारण होतं, ते आत्ता आठवत नाही. तेव्हा कापड परत पाठवू का, एवढं कळव.

माझी तब्येत उत्तम आहे. भूक तर अशी की दोन माणसांचं जेवते, आणि अंगाला काही लागत नाही. गेल्या वर्षीचे माझे सगळे कपडे मला बाजूने आत घ्यावे लागले. तू सतत वजनाच्या नावाने रडत असतेस म्हणून मुद्दाम सांगितलं. पहाटे गजराआधीच टक्क जाग येते. आतून कुणीतरी मशीन चालू केल्यासारखी छाती धडधडते. या वयात एवढा उत्साह किती जणींना असतो?

अक्षर असं का आलंय म्हणून तर्क लढवू नकोस. टेबलाचा पाय डुगडुगतो.

तुझी थोरली बहीण
(यावर तुझा काही इलाज नाही)

ता. क. : मी शिवलेल्या तुझ्या कोटाची डावी बाही आखूड झालेली नाही. तुझा डावा हात लांब आहे. लहानपणापासून आहे, घरात कुणी बोलत नव्हतं इतकंच.

१९ जानेवारी

ठमे,

तुझं उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. अपेक्षा नसताना मी रोज पोस्टमनला का अडवते हा माझा आणि पोस्टमनचा प्रश्न आहे. कापड अजून टेबलावरच आहे. परत पाठवायला धड खोका मिळत नाही.

आज दुसऱ्याच एका गोष्टीने डोकं उठलं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे ना, तिथले जुने दुकानदार थकले म्हणून घरी बसले. फार सज्जन माणूस. चिठ्ठी दाखवली की औषध पुढे सरकवायचे आणि पुन्हा पेपरात तोंड घालायचे. त्यांच्या जागी एक फार्मासिस्ट आली आहे. तिशीची असेल, उंच, काटकुळी, पांढरा कोट घालते आणि त्या कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येतात. मी तिचं नाव चौकशीबाई ठेवलं आहे. मी आपली थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली मागायला गेले. (आईने आपल्या दोघींना भांडण न होता समसमान वाटून दिलेली एकच गोष्ट म्हणजे थायरॉइड.) तर ही म्हणते,

"इतक्यात संपली?"

"संपली म्हणजे संपली. मी काय गोळ्या कुंडीत पेरते का?"

"रोज किती घेता?"

"डॉक्टरांनी सांगितल्यात तेवढ्या."

"डॉक्टरांनी किती सांगितल्यात?"

"चिठ्ठीत लिहिलंय की."

"चिठ्ठीतलं मी वाचलं, मावशी. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मागे रांग लागलेली. माझ्यामागे एक निवृत्त बसचालक उभे होते, ते खोकायचे थांबून ऐकायला लागले. मी म्हटलं, "मी चाळीशी लावून माणसं मापते. मला माझी एक गोळी मोजता येणार नाही?" त्यावर ती हसली नाही की चिडली नाही. बाटली दिली आणि म्हणाली, सवडीने या, घरात असतील नसतील ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा, आपण बसून एकदा बघू. दुकानात कोपऱ्यात तिने एक छोटं टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या आहेत. औषधाच्या दुकानात खुर्च्या! उद्या पलंग टाकेल.

जाताना मीही सोडलं नाही. म्हटलं, "आधी त्या बाह्यांचं बघा. गोळ्या मोजताना कोटासकट मोजाल." तर ती म्हणाली, "माप घ्यायला येऊ?" आता गिऱ्हाईक म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

तुझी थोरली

२८ जानेवारी

ठमे,

हे पत्र तू बसून वाच. मीही बसूनच लिहिते आहे, आणि टेबलाचा पाय ठीक आहे. तो पहिल्यापासून ठीक होता.

चौकशीबाई बाह्यांचं माप द्यायला आली. मी बाही दुमडून टाचण्या लावायला घेतल्या. पहिली टाचणी कापडात गेली, दुसरी तिच्या मनगटात गेली, तिसरी माझ्या अंगठ्यात. ती म्हणाली, "हात कधीपासून थरथरतात?"

"थरथरत नाहीत. तुम्ही हलताय."

ती पुतळ्यासारखी उभी राहिली. मी चौथी टाचणी उचलली. ठमे, ती टाचणी माझ्या बोटांत वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. मग तिने काय केलं असेल? काही नाही. टाचणी हळूच माझ्या हातातून घेतली, स्वतःच स्वतःच्या बाहीला लावली आणि म्हणाली, "पिशवी घेऊन याल ना?"

गेले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून औषधं नेली तर शिंपिणीची अब्रू जाईल, म्हणून मुद्दाम एक पिशवी शिवली. अस्तराची, दोन कप्प्यांची. शिवण थोडी वाकडी गेली.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. बटणं खोक्यात ठेवली की सापडत नाहीत, म्हणून मी ती आकार आणि रंग बघून काचेच्या बरण्यांत भरते आणि बरण्या खिडकीत मांडते. गोळ्यांचंही तेच केलं होतं. पाकिटं फाडायची, बाटल्या रिकाम्या करायच्या, पांढऱ्या पांढऱ्यांत, पिवळ्या पिवळ्यांत. खिडकीत छान दिसतात. चौकशीबाईने बरण्या टेबलावर ओळीने लावल्या आणि विचारलं, "यातली कुठली कशाची, ते कसं ओळखता?"

"बघितली की कळते."

"ही?"

"ती रक्तदाबाची."

"हे बटण आहे, मावशी."

बघते तर खरंच बटण. शर्टाच्या कॉलरचं, चार भोकांचं. गेल्या महिन्यात एका शर्टाला एक बटण का कमी पडलं आणि त्या दिवशी माझं पोट का दुखलं, याचा उलगडा तिथल्या तिथे झाला. शेजारच्या खुर्चीवर नंबर लावून बसलेले बसचालक एवढे हसले की त्यांना दम लागला. तिने त्यांना त्यांचा श्वासाचा पंप काढायला सांगितला, तर त्यांनी तो खोलीत चारी दिशांना फवारला. म्हणे आधी हवाच स्वच्छ करून घेतो. मग माझी हसायची पाळी आली.

तिने सगळं वेगळं केलं. खिडकीतल्या उन्हाने आणि दमटपणाने खराब झालेल्या बाजूला, ओळख न पटणाऱ्या बाजूला. आणि मग थायरॉइडच्या बरणीच्या तळाशी तिला अर्ध्या गोळ्या सापडल्या. तिने एक अर्धुक उचललं.

"ही कापलीय कशाने?"

"काज कापायच्या कात्रीने."

"का?"

आता यात लपवण्यासारखं काय आहे? मी सांगितलं. मी आयुष्यात कुणाचा कपडा नेमका मापावर बेतलेला नाही. माणूस आज असतं तेवढंच उद्या राहत नाही. म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचं, पुढेमागे घट्ट झालं तर उसवून सैल करता येतं. त्याला मार्जिन म्हणतात. डॉक्टरांनी एक गोळी सांगितली, मी दीड घेते. एक आजारासाठी, अर्धी मार्जिन. आजार थोडा वाढला तर?

मला वाटलं, बसचालक आता खुर्चीवरून पडणार. पण ती हसली नाही, आणि त्यामुळे तेही हसले नाहीत. ती जरा विचार करून म्हणाली, "कापडातलं मार्जिन आत दुमडलेलं राहतं ना? लागेल तेव्हाच बाहेर येतं?"

"अर्थात."

"ही अर्धी गोळी दुमडलेली राहत नाही, मावशी. रोजच्या रोज अंगात जाते."

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. भूक लागते पण वजन उतरतं का? पहाटे जाग येते का? छाती धडधडते का? उकडतं का? चटकन राग येतो का? मी म्हटलं, येत नाही, आणि हे मी इतक्या जोरात म्हटलं की बाहेरची दोन माणसं आत डोकावली. ठमे, मी तुला लिहिलेला माझा सगळा उत्साह तिने ओळीने वाचून दाखवला. माझं पत्र फोडून वाचल्यासारखा.

मी तिथेच म्हटलं की आजपासून गोळी बंद. तर म्हणाली, तेही मनाने करायचं नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि फोन माझ्याच हातात दिला. तुम्ही सांगा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, मी दर वेळी विचारतो गोळी घेता का, तुम्ही हो म्हणता. मी म्हटलं, घेतच होते की! मार्जिन किती सोडलं हे आपण गिऱ्हाइकाला कधी सांगतो का?

उद्या रक्त तपासायचं आहे.

ताई

११ फेब्रुवारी

ठमे,

रिपोर्टात जे यायचं तेच आलं. डॉक्टरांनी सांगितलं, सांगितलेली एकच गोळी घ्या, महिना-दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासू. हात लगेच थांबणार नाहीत, जास्तीचं औषध अंगातून उतरायला वेळ लागतो. शिवाय हात त्यानेच थरथरतात की वयाने, हे तोवर कुणी छातीठोक सांगणार नाही. चौकशीबाईला मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. "बरे होतील ना?" "होतील असं वाटतंय ना?" "तुमच्या आईचे हात असते तर काय म्हणाला असता?" ती एकच म्हणते, "बहुतेक. आपण वाट बघू." बहुतेक या शब्दाने कपडा शिवता येत नाही.

तिने मला गोळ्यांचा डबा दिला आहे, वारांचे कप्पे असलेला. आणि एक अट घातली. काहीही समजावून सांगितलं की शेवटी म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, कशी घेणार?" शाळेत पाढे म्हणायला उभं करायचे तसं मी रोज उभी राहते. सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, एक. चहा अर्ध्या-एक तासाने. तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब अर्धा तास असतो. चहाच्या भांड्याकडे बघत बसते आणि तुझी आठवण येते. तुला सकाळचा चहा लागतच नाही, तू लहानपणापासून दुधाची.

परवा मोह झाला. बाटली हातात, कात्री हातात. एक अर्धी घेतली तर काय होणार आहे? मग डोळ्यांसमोर ती टाचणी आली. कात्री ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि किल्ली चौकशीबाईकडे नेऊन दिली. तिने काही न विचारता ती खिशात टाकली. एवढ्या चौकशा करणाऱ्या बाईने नेमकी तीच चौकशी केली नाही.

आता खरं सांगते. कापड परत पाठवायला खोका मिळत नाही असं नाही, दुकानात खोके पायात येतात. मी ते कापड रोज उलगडते, खडूने रेघ मारायला जाते, आणि रेघ नागमोडी येते. पुसते. घडी घालते. तू म्हणालीस ना, "ताईचे हात आता गेले"? आखूड बाहीचा कोट अंगात घालून, सगळ्या पाहुण्यांसमोर, हात लांब करून दाखवत? मला राग बाहीचा आला नव्हता. ते खरं असेल या भीतीने मी ओरडले. दुसरं काही मला येत नाही, ठमे. शिवण सोडलं तर मी सकाळी उठून करायचं काय?

मी चौकशीबाईला विचारलं, त्या दिवशी मी बहिणीला जे बोलले, तुझं डोकं तर जन्मतःच बिनमापाचं आहे वगैरे, ते माझं होतं की गोळीचं? ती म्हणाली, "आवाज गोळीने चढवला असेल. शब्द तुमचेच." म्हणजे तिथेही मला काही सूट मिळाली नाही.

ताई

६ मार्च

ठमे,

काल तुझ्या लेकीचा फोन आला. कापडाबद्दल विचारत होती. मी नेहमीप्रमाणे उजेडाबद्दल बोलले. मग तुझी विचारपूस केली, सहज, तुला काही त्याचा अर्थ काढायला नको. ती म्हणाली, "आई दिवसभर तो कोट घालून बसते. घरातसुद्धा."

मी फोन ठेवला आणि दुकानात एकटीच नाचले. खरंच नाचले, समोरच्या घरातल्या सूनबाईने बघितलं. ज्या कोटावरून तू माझी चारचौघांत शोभा केलीस, तो तुझ्या अंगावरून निघत नाही! मी तडक औषधाच्या दुकानात गेले आणि चौकशीबाईला सगळं ऐकवलं. बघा, म्हटलं, माझी शिलाई.

ती म्हणाली, "त्यांच्याइथे अजून तशी थंडी आहे का?"

मी म्हटलं, कुठली थंडी? मार्च लागला, पंखे सुरू झाले.

"मग त्या कोट का घालतात?"

तिने विचारलं, बहिणीलाही थायरॉइड आहे का? मी म्हटलं, आहे, आईने वाटून दिलेला. आणखी काय होतं त्यांना? ते मला कुठे ठाऊक, आम्ही बोलत नाही. मग तिच्यासमोरच तुझ्या लेकीला परत फोन लावला आणि तिने सांगितलं ते ऐकून माझा नाच पायांतून गेला. तू खुर्चीत बसल्या बसल्या झोपतेस म्हणे. दुपारी, सकाळी, पाहुणे समोर असताना. आवाज जड झालाय. दूध गॅसवर ठेवून विसरतेस. माझी पत्रं उशीखाली ठेवली आहेस, उत्तर उद्या लिहू म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या म्हणतेस. आणि मी इथे बसून समजते आहे की बाई मला धडा शिकवते आहे.

चौकशीबाईने विचारलं, गोळी त्या कशी घेतात? त्यावर मात्र मला लेकीला विचारावं लागलं नाही. तुला मी ओळखते. तुला कुठलीही गोष्ट एकदाची आटपायची असते. शाळेत सगळे डबे पहिल्याच सुट्टीत संपवायचीस. तू सगळ्या गोळ्या एका मुठीत घेत असणार, थायरॉइडची, हाडांची कॅल्शियमची, लोहाची, असतील नसतील त्या, आणि वर पेलाभर दूध. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "मावशी, तुला कसं कळलं?"

चौकशीबाई म्हणाली, तुमच्या बहिणीला काय झालंय हे मी इथून सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण कॅल्शियम, लोह आणि दूध यांच्यासोबत घेतली तर थायरॉइडची गोळी अंगाला पुरती लागत नाही, एवढं नक्की. त्यांनी रक्त तपासून घ्यायला हवं, लवकर, आणि सगळी औषधं पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांकडे किंवा तिथल्या फार्मासिस्टकडे न्यायला हवीत. मनाने गोळी वाढवायची नाही. हे शेवटचं सांगताना तिने माझ्याकडे बघितलं.

म्हणून हे पत्र. ठमे, मस्करी सोडून सांगते. थायरॉइडची गोळी सकाळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, एकटी. दूध अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, त्यांना दुपारी घे. आणि उद्याच रक्त द्यायला जा. हे उद्या म्हणजे उद्या, तुझ्या पत्रांचं उद्या नव्हे. सोबत पिशवी पाठवते आहे, अस्तराची, दोन कप्प्यांची. हिची शिवण कमी वाकडी आहे, बघ.

आणि आता तू मला सांग, कशी घेणार? उत्तर आल्याशिवाय मला चैन पडणार नाही. राग हवा तितका धर, वर्षभर धर, पण जागी राहून धर.

ताई

२९ मार्च

ठमे,

तू रक्त देऊन आलीस आणि पिशवी घेऊन डॉक्टरांसमोर बसलीस हे लेकीकडून कळलं. बाकी तू स्वतः लिहिशील. मी वाट बघते आहे. पोस्टमन आता माझ्या दुकानासमोरून सायकलवरून न उतरताच, लांबूनच 'नाही' असा हात हलवत पुढे जातो.

आज सकाळी गोळी घेतली, चहाच्या भांड्याकडे बघत बसले, आणि वेळ जाईना म्हणून खडू उचलला. कापड उलगडलं होतंच. गळ्यापासून कमरेपर्यंत एक रेघ ओढली. ठमे, रेघ सरळ आली. मला वाटलं, चुकून आली असेल. दुसरी ओढली. तीही सरळ.

दुकान उघडायच्या आधी औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. चौकशीबाई कुलूप काढत होती. मी नुसते दोन्ही हात तिच्यासमोर पसरले. तिने बघितले. मग म्हणाली, "दुसरा रिपोर्ट आला ना? डॉक्टरांनी काय सांगितलं?" मी म्हटलं, ठीक आहे म्हणाले, हीच गोळी, एवढीच. तेव्हा कुठे तिने खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. एवढे दिवस ती खिशातच ठेवून होती की काय, कोण जाणे. बाई हसली. तिला हसता येतं. मला तिथेच रडू आलं आणि बसचालकांना वाटलं माझं कुणीतरी गेलं. त्यांनी मला खुर्ची दिली. पंप ते आता बरोबर तोंडात धरतात, आणि मला दाखवून धरतात.

मग परत आले, ड्रॉवर उघडून काजाची कात्री तिच्या जागी ठेवली आणि मोठी कात्री कापडावर चालवली. त्या आवाजासारखा आवाज नाही. पुढचा, मागचा, दोन्ही बाह्या. दोन्ही सारख्या आहेत, चार वेळा एकमेकींवर ठेवून बघितल्या. लेकीला सांग, घरातल्या कपड्यांत उभं राहायची वेळ येणार नाही.

आणि तुझा हात लांब नाही. बाही आखूड झाली आहे. पण अस्तर उसवून बघ. दोन बोटं कापड आत दुमडलेलं आहे. हात कितीही थरथरत असले तरी ते मी सोडलं होतं. उसवायला घाई करू नकोस, तुला उसवताना कापड फाडायची सवय आहे.

तुझी ताई

२० एप्रिल

प्रिय ताई,

(शाई माझी आहे. मी वाया घालवीन.)

सकाळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, थायरॉइडची एकटी. दूध नंतर. बाकीच्या मुठीतल्या दुपारी. तू विचारलं होतंस म्हणून सांगितलं. इथल्या औषधाच्या दुकानात एक म्हातारे फार्मासिस्ट आहेत, त्यांनी तुझी पिशवी बघून विचारलं, कुठून घेतली? मी म्हटलं, विकत मिळत नाही.

डॉक्टर म्हणाले, गोळी बरोबर होती, पोटातून अंगात पोचत नव्हती. माझ्या डोक्याचं माप काढणाऱ्या तुझ्या त्या वाक्याबद्दलही मी त्यांना विचारणार होते, पण ते घाईत होते. समोरासमोर बोलू. मीही तुझ्या हातांबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं. आता तरी गेले नाहीत ना, हे मी स्वतः डोळ्यांनी बघेन.

लेकीच्या पोशाखाची शेवटची जोडणी करताना ती अंगात घालून उभी राहायला हवी म्हणालीस म्हणे. आम्ही दोघी येतो आहोत. बाही मी उसवलेली नाही. अस्तराच्या बाहेरून चाचपून बघितलं, कापड आहे आत. ते तूच सोड. घाई नाही, कोट तुझ्याकडे ठेवून घे आणि सावकाश कर. काल दुपारी मला कोटात इतकं उकडलं की मी तो काढून ठेवला.

ठमी